नाट्यसंगीताचा धंदा बुडाला, मान मात्र टिकला. असं का?

मध्यलय:
नाट्यसंगीतावर दीड तासाचा कार्यक्रम बसवायचा आहे. दहा-बारा पदं आणि मध्ये निवेदन. निवेदन लिहिताना एक प्रश्न सुटत नाही. १८८० पासून पुढची पन्नास वर्षं हे इथलं सर्वांत लाडकं गाणं होतं. मग बोलपट आले आणि नाटक कंपन्या भराभर मोडल्या. तरी आजही मैफलीत ख्याल, म्हणजे रागाचं विस्ताराने गायलेलं शास्त्रीय गाणं, झाला की नाट्यपदाची फर्माईश येते. मात्र त्याच नाटकांतल्या साक्या आणि दिंड्या, म्हणजे ठरावीक मात्रांच्या वृत्तांतली पद्यं, मैफलीत कुणी गात नाही. एकाच घरातलं एक टिकलं, दुसरं विरलं, हे कशामुळे? शिवाय पदं निवडताना आणि गाताना काय सांभाळावं, तेही जाणकारांनी सांगावं.

चीज_आणि_चाल:
उत्तर चालींत आहे. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले, तेव्हा पदांचं काम गोष्ट पुढे नेण्याचं होतं. साकीचा चरण १६ आणि १२ मिळून २८ मात्रांचा, दिंडीचा ९ आणि १० मिळून १९ मात्रांचा. चाल ठरलेली, शब्द भरगच्च. कीर्तन ऐकून तयार झालेल्या कानाला ते लगेच कळायचं. पण त्यात गायकाला हलायला जागा नाही. नाटकातून काढलीत तर मागे नुसता मजकूर उरतो.

१९११ च्या 'मानापमान'ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, पूरब अंगाच्या, म्हणजे बनारसकडच्या ढंगाच्या, ठुमरी-दादरा या भावप्रधान गाण्यांच्या वळणाच्या. १९१६ च्या 'स्वयंवर'ला भास्करबुवा बखल्यांनी थेट ख्यालाच्या चिजा, म्हणजे रागात बांधलेली गाणी, आणल्या. 'नाथ हा माझा' यमनात, 'मम आत्मा गमला' बिहागात. ही पदं नाटकातून उचलून मैफलीत ठेवली तरी उभी राहतात, कारण त्यांचा सांगाडा मैफलीचाच आहे. कंपनी बुडाली तेव्हा पदांना जायला घर होतं, साकीला नव्हतं. माझ्या मते टिकण्याचं सगळ्यांत मोठं कारण हेच. गाणं ज्या धंद्यावर जगतं त्या धंद्यावाचून ते गाता येतं का, एवढंच तपासून बघा.

धंदा का बुडाला, तेही निवेदनात यावं. नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं. पदाला वन्समोअर मिळाला की आणखी लांबायचं. गायक नट, साथीदार, आचारी, नोकर असा सगळा लवाजमा घेऊन गावोगाव फिरायचं, वर शालू-भरजरीचा खर्च. १९३१ ला 'आलम आरा' आला, १९३२ ला प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा'. बोलपटाचं तिकीट स्वस्त आणि एका दिवसात अनेक खेळ. शिवाय १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा'ने दाखवून दिलं की कमी गाण्यांचं, आटोपशीर नाटकही लोकांना चालतं. १९३५ मध्ये खुद्द बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा'त उतरले. लोकांना गाणं नकोसं झालं नव्हतं. कंपनीचा हिशेब जुळेनासा झाला होता.

भाता_आणि_सूर:
वरचं पटलं. त्यात तबकड्यांची भर घाला. ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. रंगमंचावर वीस मिनिटं रंगणारं पद त्यात बसवायचं म्हणजे मुखडा, एक अंतरा, चार-दोन ताना आणि लय चढी. कंपन्या मोडल्यावर पुढच्या पिढ्या या तबकड्यांवरूनच शिकल्या.

इथेच गाणाऱ्यांची चूक होते. तबकडीची लय खरी धरून पद बसवलं की रंगमंचावर ते पळतं. आधी पदाची छापील प्रत मिळवा. पदाच्या डोक्यावर बहुधा राग, ताल आणि चाल दिलेली असते. चाल म्हणजे ज्या चिजेवर पद बांधलं तिचे सुरुवातीचे शब्द. ती चीज मध्यलयीत घोटा, मग पदाचे शब्द घाला. जुन्या ध्वनिमुद्रणांचा सूरही जसाच्या तसा धरू नका. ७८ ऐवजी ८० फेऱ्यांनी वाजलेली तबकडी सा आणि कोमल रे यांच्यातल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने चढी ऐकू येते, आणि लयही तेवढीच वाढते.

साथीचं: पुरुष गायक पेटीच्या काळी एक-दोन पट्टीत आणि बाई काळी चार-पाचमध्ये गाणार असतील तर दोन तबले जुळवून ठेवा. एकाच तबल्याची वादी (कातडी दोरी) ठोकून पट्टी बदलत बसलात की पुडीवर (वरच्या कातड्यावर) ताण येतो, दोन पदांनंतर सूर उतरतो आणि निवेदकाला वेळ काढत बसावं लागतं. दोन पट्ट्यांची पदं आलटूनपालटून न घेता गट करा.

ऑर्गन मिळाला तर सोन्याहून पिवळं. तो पायाने चालतो, दोन्ही हात मोकळे राहतात, आणि भाता हवा आत ओढून घेतो, म्हणून सूर पेटीपेक्षा मऊ, भरीव लागतो. आणायच्या आधी एकदा तपासा: भाता पूर्ण भरा, पाय काढा, एक सूर दाबून ठेवा. तो लगेच मरत असेल तर भात्याचं कापड फुटलंय, खर्जाचे (खालच्या सप्तकाचे) सूर उशिरा बोलणार. ऑर्गन नसेल तर पेटीवाल्याला सांगा की गायकाच्या प्रत्येक हरकतीमागे धावू नका, खर्जातला सा-प धरून ठेवा. ऑर्गनची ती धरलेली आस (मागे रेंगाळणारा सूर) गेली की नाट्यपद कोरडं वाटतं.

ढोलकीची_थाप:
चालीचा मुद्दा बरोबर आहे, पण अर्धाच. चालीत दम असला की मान मिळतो असं असेल तर बैठकीच्या, म्हणजे बसून भाव करत गायच्या, लावणीला इतकी वर्षं का लागली? तिलाही राग आहे, ठुमरीइतकाच विस्तार आहे. लावणी गायिका यमुनाबाई वाईकर बसून एक ओळ घ्यायच्या आणि तीच ओळ दरवेळी वेगळ्या भावाने सांगायच्या. एकदा लाडाने, एकदा रुसव्याने, एकदा नुसत्या डोळ्यांनी. त्यांना पद्मश्री २०१२ मध्ये मिळाली, वयाच्या नव्वदीनंतर. सुलोचना चव्हाणांना २०२२ मध्ये, त्याही तेव्हा नव्वदीला टेकल्या होत्या. डोक्यावर पदर घेऊन एका जागी उभं राहून त्या लावणी गायच्या, तरी एवढा उशीर. उलट बालगंधर्वांना पद्मभूषण १९६४ लाच मिळालं. गाणारा कोणत्या घरातला, बाई की पुरुष, ऐकणारा कोण, यावरही मान ठरतो. नाट्यसंगीताचा श्रोता वकील, मामलेदार, प्राध्यापक होता. त्याने पुस्तकं लिहिली, स्मारकं उभारली. तमाशाच्या फडावरच्या बाईसाठी लिहिणारं कुणी नव्हतं. निवेदनात हे येऊ द्या. 'एकच प्याला' नाटकातल्या चालींमागे गायिका सुंदराबाई जाधवांचं नाव घेतलं जातं, ते तरी नक्की घ्या.

मध्यलय:
सुंदराबाईंचं नाव घेतो, लावणीचा मुद्दाही घेतो. पट्ट्यांचे गट लगेच करतो. शेवट १९३५ वर करावा का?

चीज_आणि_चाल:
ढोलकीची थाप, मान्य. चाल गाणं जिवंत ठेवते, मान देणारे हात वेगळे असतात. माझ्या उत्तरात ते सुटलं होतं.

शेवट १९३५ वर नको. साठच्या दशकात गाडी पुन्हा रुळावर आली. १९६० ला विद्याधर गोखल्यांचं 'पंडितराज जगन्नाथ', १९६४ ला 'मत्स्यगंधा', १९६७ ला 'कट्यार काळजात घुसली'. शेवटच्या दोन्हींचं संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं. त्यांनी पदं कमी आणि आखूड केली, नाटक तीन तासांत बसवलं. 'कट्यार'मध्ये तर दोन घराण्यांचा झगडा हीच गोष्ट असल्याने गाण्यासाठी नाटक थांबत नाही.

म्हणून बारा पदांत तीन अभिषेकींची ठेवा. साकी-दिंडी मिळून दोन मिनिटं निवेदनातच म्हणून दाखवा, फरक कानाला कळेल. सुरुवातीलाच यमनाची दोन पदं लागोपाठ घेऊ नका, दुसरं फिकं पडतं. प्रत्येक पद सहा-सात मिनिटांत आवरा. पहिल्यांदा शब्द साधे, तानेशिवाय म्हणा. 'शारदा'तल्या 'मूर्तिमंत भीती उभी'त 'मूर्तिमंत' मध्येच तोडून तान घेतली तर समोरच्या पोरीची भीती जाते आणि गायकाचा गळा तेवढा उरतो. तान शब्द पुरा झाल्यावर घ्या, आणि समेच्या (तालाच्या पहिल्या मात्रेच्या) आधी मुखड्याला पुरेल इतकी जागा ठेवून सोडा.