माळवदाचे घर आणि चुन्याचा गिलावा

जुन्या वाड्याच्या भिंतींचे पोपडे काढून सगळीकडे सिमेंटचा गिलावा करावा, असे सुचवले जाते. माझा अनुभव याच्या उलट आहे. अंबाजोगाईचे आमचे माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छपराचे, घर दुरुस्त करताना ढेलजेच्या (प्रवेशदाराशी असलेल्या ओसरीच्या) भिंतीला आम्हीही आधी सिमेंटच लावले होते. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीतली ओल त्यातून बाहेर पडू शकली नाही, दुसऱ्याच पावसाळ्यात गिलावा पापडासारखा सुटला आणि शेवटी चुन्याकडे वळावे लागले.

रंगरंगोटीच्या आधी माळवदावरच्या मातीचा भारही पाहून घ्यावा, कारण गळती थांबवण्यासाठी वेळोवेळी टाकलेली माती साचत जाते, आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशा जड छपरांनी आणि दगडमातीच्या भिंतींनी काय केले, हे आपल्या मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.

आवडीप्रमाणे घर सजवण्याचे म्हणाल, तर त्याला फारसा खर्च लागत नाही. आईच्या विरलेल्या हिमरू (सुती-रेशमी विणीच्या) शालीचा तुकडा चौकटीत बसवून आम्ही देवळीशेजारी (भिंतीतल्या कोनाड्याशेजारी) लावला, आणि सागवानी खांबांवरचा हिरवा ऑइलपेंट खरवडून त्यांना नुसते जवसाचे तेल पाजले. वडिलांना मात्र ते खांब अजूनही उघडेबोडके वाटतात.