५२ व्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती: हिशेब जुळतो, तरी पाऊल उचलत नाही

प्रश्न

माझे वय ५२ आहे आणि एका कारखान्याच्या आरेखन विभागात मी २८ वर्षे काम करतो आहे. गेली दोन वर्षे सकाळी कामावर निघताना पाय जड होतात. कामाचा कंटाळा आलेला नाही. कंटाळा आला आहे तो बैठकांचा आणि दुसऱ्यांनी केलेल्या आरेखनांवर नुसत्या सह्या करत राहण्याचा. कर्ज फिटले आहे, मुलगी कमावती झाली आहे आणि आमच्या वार्षिक खर्चाच्या साधारण २६ पट रक्कम गुंतवलेली आहे. पत्नी शिक्षिका असून तिच्या नोकरीची आणखी सहा वर्षे बाकी आहेत. कागदावर सगळे जुळते, तरीही राजीनाम्याचा मसुदा चार महिने संगणकात पडून आहे. २६ पट रक्कम खरोखर पुरेशी मानावी का, आणि नोकरी सोडल्यावर दिवस कसा जातो, हे मला अनुभवी मंडळींना विचारायचे आहे. पहिल्या महिन्याबद्दल नव्हे, तिसऱ्या वर्षाबद्दल ऐकायला मिळाले तर अधिक बरे.

पहिला प्रतिसाद

वार्षिक खर्चाच्या २५ पट पुंजी असली की पुरे, हा प्रचलित आडाखा कुठून आला हे पाहिले, तर आपली शंका रास्त ठरते. अमेरिकेतील वित्तीय सल्लागार विल्यम बेंगेन यांनी १९९४ साली तिथल्या शेअर आणि रोख्यांच्या जुन्या परताव्यांवरून असा हिशेब मांडला की, पहिल्या वर्षी पुंजीतून ४ टक्के, म्हणजे तिचा पंचविसावा भाग, एवढी रक्कम काढली आणि पुढे दरवर्षी ती महागाईच्या प्रमाणात वाढवत नेली, तरी पैसा किमान ३० वर्षे पुरला असता. मात्र तो एका देशाच्या इतिहासावरचा हिशेब आहे, आणि ५२ व्या वर्षी थांबणाऱ्याने नव्वदीपर्यंतची, म्हणजे ३८ वर्षांची तरतूद धरायला हवी. मी ३ ते सव्वातीन टक्क्यांच्या वर गेलो नसतो, म्हणजे ३१ ते ३३ पट रक्कम हाताशी असल्याशिवाय सगळा भार पुंजीवर टाकला नसता.

खरा धोका सुरुवातीच्या वर्षांत असतो. समजा पुंजी १०० आहे, त्यातून आपण ४ काढले आणि त्याच वर्षी उरलेल्या ९६ चे मूल्य ३० टक्क्यांनी घसरले, तर हाती ६७ राहतात. पुढच्या वर्षी तेच ४ काढणे म्हणजे जवळजवळ ६ टक्के काढणे होते. हीच घसरण वीस वर्षांनी आली असती, तर एवढी बाधली नसती. म्हणूनच पत्नीच्या पगारात घरखर्चाचा मोठा भाग भागणार असेल, तर आपली बाजू दिसते त्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे, कारण नेमक्या त्या नाजूक वर्षांत पुंजीला फारसा हात लागणार नाही. महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो, हेही हिशेबात घ्यावे. आरोग्य विमा नोकरीसोबतच संपणार असेल, तर स्वतःचा विमा राजीनाम्याच्या आधी घ्यावा.

दुसरा प्रतिसाद

मी ५३ व्या वर्षी थांबले, त्याला आता सात वर्षे झाली. पैशांची चिंता मला कधी पडली नाही, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाबद्दलच लिहिते.

पहिले पाच महिने फार सुखाचे गेले. सातव्या महिन्यातला एक मंगळवार मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. सकाळचे साडेदहा वाजले होते, घर आवरून झाले होते, आणि मी फोन हातात घेऊन तो वाजावा म्हणून वाट पाहत बसले होते. त्याआधी २६ वर्षे तो वाजू नये असे मला वाटत आले होते. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲचली यांनी निवृत्तीच्या टप्प्यांत मधुचंद्रासारख्या काळानंतर भ्रमनिरास आणि त्यानंतर नव्याने जुळवणी असा क्रम सांगितला आहे. सर्वांच्याच वाट्याला सगळे टप्पे येतात असे नाही, पण माझ्या वाट्याला ते त्याच क्रमाने आले.

माझे पती आधीपासून घरून काम करत. मी दिवसभर घरी राहू लागल्यावर त्यांच्या टेबलावरचे कागद नीट लावू लागले, दर तासाला काहीतरी विचारू लागले. एके दुपारी ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "दार लोटून घेऊ का?" त्यांच्या दिवसाला एक घडी होती आणि माझ्या दिवसाला नव्हती, हे मला त्या क्षणी लख्ख समजले.

छंद पुष्कळ करून पाहिले, पण ज्या कामात आपण गेलो नाही तर कुणाचे तरी अडते, तेच टिकले. मी आठवड्यातून दोन दिवस अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करते, आणि पुढचे प्रकरण केव्हा मिळेल असा निरोप आला की त्या दिवशी घसा बसलेला असला तरी मी वाचायला बसते. आपण तिसऱ्या वर्षाबद्दल विचारले आहे. त्या वर्षी, कुणी "आपण काय करता?" असे विचारले की माझ्या उत्तरातला "पूर्वी" हा शब्द गळून गेला होता.

तिसरा प्रतिसाद

आपल्याला आरेखन नकोसे झालेले नाही, हे आपणच लिहिले आहे. मग सोडायचे ते पद की काम? मी ५० व्या वर्षी घाईने राजीनामा दिला आणि चौदा महिन्यांनी पुन्हा काम शोधायला निघालो. मिळाले ते आधीपेक्षा खालच्या पदावरचे आणि कमी पगाराचे, पण त्यात माणसे सांभाळायची नव्हती, आणि तेच मला मानवले. राजीनाम्याआधी असे काम मागून पाहिले असते, तर मधले चौदा महिने वाचले असते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. सव्वातीन टक्क्यांनी हिशेब पुन्हा मांडला. पत्नीची नोकरी असेपर्यंत तो निभतो, त्यानंतर ओढाताण होते. तिने "दार लोटून घेऊ का" हे वाक्य दोनदा वाचले, आणि ती बाहेर व मी घरी अशी सहा वर्षे कशी जातील, याबद्दल आम्ही काल रात्री पहिल्यांदाच मोकळेपणाने बोललो. राजीनाम्याचा मसुदा तूर्त तसाच ठेवतो. सोमवारी आठवड्यातून तीन दिवस केवळ आरेखनाचे काम मिळावे असा अर्ज देणार आहे, मग पद गेले तरी चालेल. दुसऱ्या प्रतिसादातील ताईंना एक विचारायचे राहिले: ध्वनिमुद्रणाचे काम सापडेपर्यंत किती काळ गेला, आणि त्याआधी काय काय करून सोडले?