मदत हवी आहे: ३१ जुलैच्या खातेबदलानंतर राज्याच्या मंत्र्यांची यादी जुळत नाही

अभ्यासिकेच्या फलकासाठी महाराष्ट्राच्या मंत्र्यांची ऑगस्ट २०२५ ची यादी करायची आहे. एका ठिकाणी आकडा ३९ दिसतो, दुसरीकडे ४२, तिसरीकडे ४३. ३१ जुलै २०२५ ला कृषिमंत्री बदलले, पण शपथविधी झाला नाही, असं कसं? आणि जलसंपदा खात्यापुढे दोन नावं आहेत. बरोबर कोणतं?

प्रतिसाद १
आधी बेरीज करा. ५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर फडणवीस, शिंदे आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात आणखी ३९ जणांचा: ३३ कॅबिनेट, ६ राज्यमंत्री. एकूण ४२.

४३ ही कमाल मर्यादा आहे. ९१व्या घटनादुरुस्तीने (२००३) आलेल्या कलम १६४(१अ) नुसार मुख्यमंत्री धरून मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर जाता येत नाही. २८८ चे १५ टक्के म्हणजे ४३.२. म्हणजे ऑगस्ट २०२५ मध्ये एक जागा रिकामी होती.

४ मार्च २०२५ ला धनंजय मुंडेंनी राजीनामा दिला, २० मे ला छगन भुजबळ आले, म्हणून आकडा पुन्हा ४२. जुनी यादी वापरणारे भुजबळांचं नाव जोडतात आणि मुंडेंचं काढायला विसरतात. मग बेरीज ४३ येते, ती मर्यादेत बसते, आणि चूक कुणाच्याच लक्षात येत नाही. आधी मुंडेंकडे आणि मग भुजबळांकडे आलेल्या अन्न व नागरी पुरवठ्याची ओळ नक्की तपासा.

प्रतिसाद २
शपथ मंत्रिपदाची असते, खात्याची नाही. खातेवाटप मुख्यमंत्र्यांच्या सल्ल्याने राज्यपालांच्या आदेशाने होतं, त्यामुळे नुसत्या अदलाबदलीला शपथविधी लागत नाही. तुम्हाला दोनच ओळी बदलायच्या आहेत: ३१ जुलै २०२५ ला कृषी दत्तात्रय भरणेंकडे गेलं; क्रीडा व युवक कल्याण आणि अल्पसंख्याक विकास माणिकराव कोकाटेंकडे गेलं.

जलसंपदाची दोन्ही नावं बरोबर आहेत. गोदावरी आणि कृष्णा खोरे विकास महामंडळं राधाकृष्ण विखे पाटलांकडे; विदर्भ, तापी आणि कोकण गिरीश महाजनांकडे. एकच नाव ठेवलंत तर निम्म्या राज्याचं निवेदन चुकीच्या दालनात जाईल. मदत व पुनर्वसनाचंही तसंच, ते मकरंद पाटलांकडे आहे, पण आपत्ती व्यवस्थापन महाजनांकडे.

धागाकर्ता
आभार! उपमुख्यमंत्री वेगळ्या गटात दाखवू का? आणि खात्याशेजारीच पालकमंत्री लिहिले तर चालेल?

प्रतिसाद १
उपमुख्यमंत्री कॅबिनेटमध्येच मोजा. राज्यघटनेत ते वेगळं पद नाही. त्यामुळे ३६ कॅबिनेट (मुख्यमंत्र्यांसह) आणि ६ राज्यमंत्री.

पालकमंत्र्यांसाठी मात्र जिल्हावार वेगळा तक्ता करा. त्यांचा आदेश स्वतंत्र असतो, खातं बदललं म्हणून जिल्हा आपोआप बदलत नाही. १८ जानेवारी २०२५ च्या यादीतल्या रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना दुसऱ्याच दिवशी स्थगिती मिळाली. ती उठेपर्यंत त्या दोन रकान्यांत नाव घालू नका, आणि फलकावर ‘ऑगस्ट २०२५ ची स्थिती’ असं ठळक लिहा.