टीबी पेशंटला किराणा द्यायचा, तर फोटो कशाला?

कृष्णाकाठ:
गेल्या रविवारी आमच्या गावात (तासगाव तालुका, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही) एका मंडळाच्या पोरांनी दोन टीबी पेशंट दत्तक घेतले. निक्षय मित्र म्हणतात ते, सप्टेंबर २०२२ मध्ये टीबी मुक्त भारत अभियान सुरू झालं त्यातलं, दर महिन्याला पोषण आहाराची किट द्यायची. पोरांचं कौतुकच आहे, डीजेचे पैसे वाचवून केलंय. पण ग्रामपंचायतीसमोर टेबल टाकलं, मागं फ्लेक्स, पुढं तांदूळ, तूरडाळ, तेलाचा पुडा, शेंगदाणे, आणि एका पिशवीला सात जणांचे हात. पेशंट मास्क लावून खाली बघतोय. आता मास्क लावला म्हणून गावातला माणूस गावाला ओळखू येत नाही होय? संध्याकाळपर्यंत फोटो चार ग्रुपवर. दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोला बेदाण्याच्या शेडवर सांगितलं, "माणसं भरलीत, बघू पुढच्या महिन्यात." ती तिथं तीन वर्षं बेदाणा निवडायला जाते. आता दीड किलो डाळ मिळाली आणि रोजची हजेरी गेली, हिशोब तुम्हीच करा. माझं म्हणणं एवढंच, मदत करा पण फोटो नको.

वाळव्याचा_गडी:
भावा, लांबून बोलायला सोपं असतं. आम्ही आमच्या मंडळातर्फे चार पेशंटचं सहा महिने केलंय. पहिल्या महिन्यात फोटो टाकला नाही तर दुसऱ्या महिन्यात वर्गणीला कोणी उभं करेना, पैसे गेले कुठं म्हणून वर आम्हालाच विचारायला लागले. फोटो टाकल्यावर पुण्यातल्या पोरांनी स्वतःहून गुगल पे केलं. आणि लपवालपवीनंच हा रोग वाढलाय. महिना महिना खोकतात, विचारलं की तंबाखूचा खोकला म्हणायचं. औषध नीट सुरू केलं की दोन-तीन आठवड्यांत दुसऱ्याला लागायचा धोका बराच कमी होतो हे शेडवाल्याला सांगा की, मंडळाला कशाला शिव्या? चूक शेडवाल्याची हाय.

माणदेशी_खडा:
दोघंही चुकताय. मुळात हे मंडळाचं कामच नाही. २०२५ पर्यंत टीबी संपवणार ही घोषणा कुणी केली, सरकारनं की गणेश मंडळानं? २०१५ ला लाखामागं दरवर्षी २३७ नवे रुग्ण होते, २०२४ ला १८७. कमी झाले, मान्य, पण टार्गेट ८० टक्के कमी करायचं होतं. पोषणाचे पैसे २०१८ पासून महिन्याला ५००, ते १००० व्हायला नोव्हेंबर २०२४ उजाडलं. तेही बँक खात्यात यायचे म्हणून बसा खातं लिंक करत. आणि २०२४ च्या सुरुवातीला गोळ्यांचाच तुटवडा पडला, केंद्रानं राज्यांना म्हटलं तुम्हीच विकत घ्या. गोळीच नसेल तर तूरडाळ घेऊन काय चाटायची? मंडळाच्या पिशवीनं सरकारची जबाबदारी झाकली जाते, दुसरं काही नाही.

मिरज_लॅबवाला:
गोळ्यांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण खाण्याला दान समजू नका राव, तो उपचाराचाच भाग आहे. झारखंडमध्ये मोठा अभ्यास झाला, २०२३ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, पेशंटच्या घरच्यांना पोषण आहार दिला तर त्या घरात नवीन टीबी व्हायचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. घरच्यांना, लक्षात घ्या. आपल्या किटमध्ये एका माणसाचं तीन किलो धान्य, दीड किलो डाळ, पाव किलो तेल असतं आणि घरात खाणारी तोंडं पाच. आई स्वतःच्या ताटातलं पोराला वाढणारच की. फोटोत मात्र पिशवी लई मोठी दिसते.
(माझी आजी सांगायची, वानलेसवाडीच्या सॅनेटोरियमला, म्हणजे टीबीच्या दवाखान्यात, कोणी ॲडमिट असलं की शेजाऱ्यांना "मुंबईला गेलाय" म्हणायचे. अजून तिथंच आहोत आपण.)

कुपवाडचा_फौंड्रीवाला:
मी स्वतः पेशंट होतो. सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला. पहिले दोन महिने गोळ्या घेतल्या की पोटात ढवळायचं, लघवी लाल व्हायची, पहिल्यांदा बघितलं तेव्हा रक्तच वाटलं, आधी कोणी सांगितलं नव्हतं. वजन ४१ किलो. आमच्या गल्लीतला दुकानदार महिन्याला ३० अंडी द्यायचा. योजना न् फ्लेक्स काही नाही. वहीत लिहायचा "अंडी – पुतण्या". मी काही त्याचा पुतण्या नाही. दुकानात चारचौघांत मोठ्यानं म्हणायचा, "काकीनं मागवलीत, घेऊन जा." कामावर कुणाला पत्ता लागला नाही, म्हणून नोकरी राहिली. कोणी फोटो काढायला आलं असतं तर मी उपाशी राहिलो असतो पण ती पिशवी घेतली नसती.

वाळव्याचा_गडी:
तुमच्या दुकानदाराला नमस्कार. पण एका दुकानदारावर जिल्हा चालत नाही ओ. आणि संमती घेतात पेशंटची, आमच्याकडं सह्या आहेत.

कृष्णाकाठ:
सही कशाची? मदत घ्यायची का फोटोची? समोर आशाताई, सरपंच, दहा पोरं उभी, त्यात तो काय नको म्हणणार.

खण_आणि_पदर:
मी आशा आहे. माझ्याकडच्या पेशंटची किट मी लसीकरणाच्या पिशवीतून नेते, रजिस्टर वर ठेवायचं. शेजारीण म्हणते बाळाचं डोस आलं वाटतं, मी म्हणते व्हय. मंडळाला सामानाचा फोटो द्यायचा, बिल द्यायचं, माणसाचा नाही. वर्गणी येते, कमी येते पण येते. ऊसतोडीवाल्यांचं अवघड आहे, पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की टोळी गाडी भरून गावाला, मग पुढच्या गोळ्यांसाठी तिकडं फोनवर फोन. त्यावर कोणीतरी धागा काढा.

माणदेशी_खडा:
बघा, शेवटी सगळं आशाताईच्याच पिशवीत.

कृष्णाकाठ:
फोटो मंडळानं डिलीट केला, पण फॉरवर्ड झालेले कुठं कुठं असतील देव जाणे. तो माणूस म्हणतोय पुढची किट नको. गोळ्या चालू आहेत, तेवढं बरं. मला आत्ता एकच विचारायचंय, शेडवाल्याशी कोण बोलणार? मी गेलो होतो, चहा पाजला आणि विषय बदलला.

वाळव्याचा_गडी:
फोटोबद्दल माझं मत बदललेलं नाही हां. पण शेड कुठल्या बाजूची ते मेसेज करा. त्या पट्ट्यात माझा मावसभाऊ बेदाण्याचा दलाल आहे, त्याचं ऐकतात. डॉक्टरला पण संगं घेऊन जाऊ.