'झगमगाट' की 'उघडझाप'? कानबाईच्या व्हिडिओवर काय लिहावं

चोपडेकर:
आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीचे व्हिडिओ टाकायचे आहेत. डीजेच्या गाडीवर शार्पी (प्रखर झोताचे फिरते दिवे) आणि स्ट्रोब (भराभर चालू-बंद होणारे दिवे) दोन्ही होते, पडदा सारखा लख्ख-काळा होतो. नात्यातल्या एका मुलीला अशा उजेडाने फिट येते, म्हणून सूचना हवी. 'झगमगाट आहे, सावधान' चालेल? की सरळ 'मिरगी सूचना'? टॅगही तोच करेन.

तापीकाठ:
'झगमगाट' नको भाऊ, तो कौतुकाचा शब्द. सराफाच्या दुकानात झगमगाट असतो. वाचणारा थांबायचं सोडून धावत येईल. 'लुकलुक' चांदण्यांची, फार मंद. 'लखलख' जरा जवळ जातो, पण घासलेला तांब्याही लखलखतो, जागचा न हलता. इथे घात करतो तो चालू-बंद होण्याचा वेग. म्हणून 'उघडझाप'. संकेतस्थळांच्या सुगम्यतेच्या जागतिक नियमावलीतही मोजमाप त्याचंच आहे: एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा नको. गडद लाल रंगाची उघडझाप तर जास्तच वाईट.

अमळनेरची मास्तरीण:
'मिरगी' टॅग अजिबात करू नका. तो शब्द शोधतं कोण? ज्यांना आजार आहे ते, नाहीतर त्यांचे आईबाप. गोळ्यांबद्दल वाचायला आलेल्या माणसापुढे तुमचा स्ट्रोब आपोआप सुरू होणार. 2019 मध्ये अमेरिकेतल्या एपिलेप्सी फाउंडेशनच्या ट्विटर खात्याला आणि हॅशटॅगांना जोडून काही नतद्रष्टांनी मुद्दाम असली चित्रं पाठवली होती. (ब्रिटनमध्ये 2023 च्या कायद्याने हा गुन्हा ठरला.) तुम्ही ते चांगल्या मनाने कराल, एवढाच फरक.

आणि अपस्मार असलेल्या शंभरांपैकी साधारण तिघांनाच उजेडाने झटका येतो. उलट बाजूही आहे. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा उजेड भराभर आलटून पालटून दाखवला आणि सहाशेवर मुलं दवाखान्यात गेली. त्यातल्या कित्येकांना आधी कधी झटका आलेलाच नव्हता. 'मिरगीवाल्यांनी पाहू नये' ही पाटी त्यांनी आपली मानलीच नसती. म्हणून पाटीवर पडद्यावरची गोष्ट लिहा, आजार नको.

चोपडेकर:
पटलं ताई. मग 'प्रकाशसंवेदी व्यक्तींनी पाहू नये'?

तापीकाठ:
शब्द शुद्ध आहे, पण ढगळ. फोटोची फिल्म प्रकाशसंवेदी, काही औषधांनी उन्हात चट्टे उठणारी कातडीही प्रकाशसंवेदी. अर्धशिशीत उजेड सोसत नाही ते आणखी वेगळं. वैशाखात भुसावळला उतरलेला प्रत्येक माणूस प्रकाशसंवेदीच की!

धुळेकर आप्पा:
आमनाकडे सरळ 'लायटी भकभक करतस' म्हनतस. आजीले बी समजस.

तापीकाठ:
आप्पा, बोलायला झकास. पण घाटावरच्या माणसाला भकभक म्हटलं की धुराची चिमणी दिसते. अहिराणी मथळ्यात जरूर टाका, टॅग मात्र सगळ्यांचा एकच असू द्या, नाहीतर ज्याला तो लपवून ठेवायचाय त्याने किती शब्द लपवायचे?

अमळनेरची मास्तरीण:
टॅग '#उघडझाप_दिवे' करा. मधे जागा सोडली तर 'दिवे' बाहेर पडतील. आणि नुसत्या टॅगवर भागत नाही. तो तळाशी 'आणखी वाचा'खाली दडतो, व्हिडिओ तोवर निम्मा झालेला असतो. पहिल्याच ओळीत लिहा: 'सूचना: दिव्यांची वेगाने उघडझाप, 1.10 ते 1.40.' वेळ दिली की तेवढा भाग सोडून बाकीची मिरवणूक तरी पाहता येते. व्हिडिओच्या दर्शनी चित्रात स्ट्रोब नको, कानबाईचा मुखवटा ठेवा.

चोपडेकर:
शेवटी 'त्रास वाटल्यास डोळे मिटून घ्या' जोडू का?

अमळनेरची मास्तरीण:
नको. मिटल्या पापणीतून उजेड आत जातोच, आणि मिटता-मिटताही झटका येऊ शकतो. 'एक डोळा तळहाताने पूर्ण झाका आणि तोंड फिरवा' असं लिहा.