हार्टगोल्डमध्ये व्हिटनीची मिल्टँक लेव्हल न वाढवता कशी हरवावी?

निशाचर
नमस्कार. निंटेंडो डीएसवर ‘पोकेमॉन हार्टगोल्ड’ खेळत असून पहिले दोन बॅज मिळाल्यानंतर गोल्डनरॉड शहराच्या जिममध्ये अडकलो आहे. जिमची प्रमुख व्हिटनी हिची १७ लेव्हलची क्लेफेरी फारसा त्रास देत नाही. परंतु १९ लेव्हलची मिल्टँक मैदानात उतरली की थोड्याच खेळ्यांत माझी संपूर्ण टीम आडवी होते. माझ्याकडे क्विलावा (लेव्हल १९), पिजी (१५), जिओडूड (१४) आणि मारीप (१३) आहेत. यांपैकी मारीप तेवढी मादी आहे, बाकी सगळे नर. मिल्टँकच्या अट्रॅक्टचा (विरुद्ध लिंगाच्या पोकेमॉनला मोहात पाडणारी मूव्ह, म्हणजे चाल) प्रभाव पडल्यावर क्विलावा अर्ध्या खेळ्या नुसता उभा राहतो, आणि मोठ्या कष्टाने मिल्टँकचा एचपी (जीवशक्ती) निम्म्यावर आणावा, तर मिल्क ड्रिंकमुळे तो पुन्हा भरून निघतो. रानात फिरून सर्वांची लेव्हल पंचविशीपर्यंत नेता येईल हे मला ठाऊक आहे, पण तसे जिंकण्यात मला मौज वाटत नाही. आहे त्याच लेव्हलच्या आसपास राहून डावपेचांनी हा सामना जिंकता येईल का?

गणितवाली
नक्कीच येईल, मात्र त्यासाठी मिल्टँकची रोलआउट ही मूव्ह नेमकी कशी चालते हे आधी समजून घ्यावे लागेल, कारण बहुतेक खेळाडू हरतात ते तिच्यामुळेच. रोलआउटची पॉवर पहिल्या फटक्याला केवळ ३० असते आणि प्रत्येक यशस्वी फटक्यानंतर ती दुप्पट होत जाते, म्हणजे ३०, ६०, १२०, २४० आणि पाचव्या फटक्याला ४८०. समोरचा पोकेमॉन बेशुद्ध पडला किंवा आपण तो बदलला, तरी ही साखळी तुटत नाही. त्यामुळे एकापाठोपाठ एक पोकेमॉन पुढे करत राहणे म्हणजे प्रत्येकाला आधीच्यापेक्षा मोठ्या फटक्यासमोर उभे करणे होय. त्यात ही मूव्ह रॉक टाइपची असल्याने फायर टाइपच्या क्विलावाला आणि फ्लाइंग टाइपच्या पिजीला तिचे नुकसान दुप्पट होते. आपल्या क्विलावाचा एचपी पूर्ण भरलेला असला, तरी तिसऱ्या फटक्यात तो कोसळणार.

आता दुसरी बाजू पाहा, कारण खरी संधी तिथेच आहे. रोलआउट सुरू असेपर्यंत मिल्टँकला दुसरी कोणतीही मूव्ह वापरता येत नाही, म्हणजेच तेवढ्या काळात मिल्क ड्रिंकही नाही आणि अट्रॅक्टही नाही. रोलआउटचे नुकसान निम्मे करणारा पोकेमॉन त्या वेळी समोर असेल, तर पहिल्या तीन खेळ्या वस्तुतः आपल्या असतात. ग्राउंड, फायटिंग आणि स्टील हे टाइप रॉकचे नुकसान निम्मे करतात, त्यामुळे आपला जिओडूड उपयोगी आहेच. तो रॉक आणि ग्राउंड असा दुहेरी टाइपचा असल्याने मिल्टँकच्या स्टॉम्प या नॉर्मल टाइपच्या मूव्हचेही नुकसान त्याला निम्मेच होते. त्याचा जीव मात्र अट्रॅक्टमध्ये अडकेल. तसे झाल्यास त्याला परत बोलावून पुन्हा पाठवावे, म्हणजे तो प्रभाव निघून जातो.

रोलआउटची अचूकता ९० टक्के आहे आणि एकही फटका चुकला की साखळी पुन्हा ३० पासून सुरू होते. पिजीने एकदा सँड अटॅक केला की ही अचूकता ६७.५ टक्क्यांवर येते, आणि सलग तीन फटके लागण्याची शक्यता सुमारे ७३ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांपर्यंत घसरते. पिजी स्वतः टिकणार नाही, पण मिल्टँक मैदानात असेपर्यंत अचूकतेतील घट कायम राहते, त्यामुळे हा सौदा परवडण्यासारखा आहे.

जुना_गेमबॉय
वरील हिशेब पटण्यासारखा आहे, मात्र सर्वांत सोपा उपाय गोल्डनरॉड शहरातच असताना त्याचा उल्लेख राहून गेला. तेथील डिपार्टमेंट स्टोअरच्या पाचव्या मजल्यावर एक व्यक्ती ड्राउझीच्या बदल्यात मॅचॉप देते, आणि ड्राउझी शहराच्या दक्षिणेला रूट ३४ वरच मिळतो. ही मॅचॉप मादी असल्याने अट्रॅक्टचा तिच्यावर काहीही परिणाम होत नाही, फायटिंग टाइपमुळे रोलआउटचे नुकसान निम्मे होते, आणि मिल्टँक नॉर्मल टाइपची असल्याने मॅचॉपच्या फायटिंग मूव्ह तिला दुप्पट लागतात. खेळ बनवणाऱ्यांनी व्हिटनीला उत्तर म्हणूनच तिला तिथे ठेवले असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे. दिलेल्या ड्राउझीची जी लेव्हल असेल त्याच लेव्हलची मॅचॉप मिळते, परंतु अदलाबदलीतून आलेल्या पोकेमॉनला दीडपट अनुभव मिळत असल्याने ती लवकर तयार होते. दोन बॅज असल्यामुळे ३० लेव्हलपर्यंत ती आपले ऐकेल.

याखेरीज घोस्ट टाइपचा गॅस्टली ठेवल्यास स्टॉम्पची चिंताच राहत नाही.

गणितवाली
गॅस्टलीचा सल्ला १९९९ च्या मूळ गोल्ड आणि सिल्व्हरसाठी योग्य आहे, परंतु हार्टगोल्डमध्ये तो अंगाशी येईल. या आवृत्तीत व्हिटनीच्या मिल्टँकला स्क्रॅपी ही क्षमता दिलेली असल्याने तिच्या नॉर्मल मूव्ह घोस्ट टाइपलाही लागतात, आणि गॅस्टलीसारखा नाजूक पोकेमॉन तो स्टॉम्प पेलू शकत नाही. रोलआउट तर त्याला पूर्वीही लागतच होता.

मॅचॉपबाबत मात्र पूर्ण सहमत आहे. हार्टगोल्डमध्ये तिच्या लो किक या फायटिंग मूव्हची पॉवर समोरच्याच्या वजनावर ठरते, आणि मिल्टँकचे वजन ७५.५ किलो असल्याने ती ८० भरते. मॅचॉप १६-१७ लेव्हलची असली, तर दोन-तीन लो किक पुरतात. तिला खरी भीती स्टॉम्पची आहे, कारण मिल्टँक तिच्यापेक्षा फार चपळ असल्याने आधी वार करते आणि ३० टक्के वेळा मॅचॉप दचकून आपली खेळीच गमावते. इथे आपली मारीप कामाला येईल. १४ व्या लेव्हलला ती थंडर वेव्ह ही लकवा आणणारी मूव्ह शिकते, म्हणजे एकच लेव्हल बाकी आहे. लकवा बसलेल्या मिल्टँकचा वेग चौथ्या हिश्श्यावर येतो, मॅचॉप आधी वार करू लागते आणि दचकण्याचा प्रश्नच मिटतो. शिवाय लकव्यामुळे एखादी खेळी वाया गेली की रोलआउटची साखळीही तिथेच तुटते.

निशाचर
दोघांचेही मनापासून आभार. मॅचॉप घेऊन आलो आहे आणि मारीपही थंडर वेव्ह शिकली आहे. एकच शंका उरली आहे : मी थंडर वेव्ह वापरल्यावर मिल्टँकने त्याच क्षणी कोणती तरी बेरी खाल्ली आणि लकवा निघून गेला. मग या मूव्हचा उपयोग काय?

जुना_गेमबॉय
ती लम बेरी. तिच्याकडे ती एकच असते, त्यामुळे थंडर वेव्ह पुन्हा वापरावी. दुसऱ्या वेळी बसलेला लकवा राहतो. मारीप मादी असल्याने अट्रॅक्ट तिला अडवू शकत नाही, तेव्हा या दोन खेळ्या तिच्याकडूनच करून घ्याव्यात. क्लेफेरीला क्विलावाकडूनच संपवावे आणि तिच्यावर थंडर वेव्ह वाया घालवू नये, कारण तिच्याकडे एन्कोर असून त्याच मूव्हमध्ये ती आपल्याला अडकवून ठेवू शकते. क्लेफेरी पडल्यावर पोकेमॉन बदलायचा का, असे खेळ विचारेल. तेव्हा मारीपला पुढे करावे, आणि लकवा पक्का बसला की मॅचॉपला.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण जिंकल्यानंतर पुष्कळ जण तिथे गोंधळतात. हरल्यावर व्हिटनी रडू लागते आणि बॅज देतच नाही. अशा वेळी खेळात बिघाड झाला असे समजून डीएस बंद करू नये. दाराच्या दिशेने चालू लागल्यावर जिममधील एक मुलगी आपल्याशी बोलेल. त्यानंतर परत फिरून व्हिटनीशी बोलल्यास प्लेन बॅज आणि अट्रॅक्टचा टीएम (पोकेमॉनला मूव्ह शिकवणारी वस्तू) मिळेल. बॅज हाती आल्यावर शहरातील फुलांच्या दुकानातून स्क्विर्टबॉटल घ्यायला विसरू नका, कारण रूट ३६ वर वाट अडवून बसलेला सुडोवुडो हा पोकेमॉन त्याशिवाय हलत नाही.