कुर्ल्यातल्या जुन्या ट्रान्सपोर्ट यार्डात डिझेल मुरलेली माती: पावसाआधी काय करता येईल?

कुर्ला_पश्चिम

नमस्कार. लाल बहादूर शास्त्री मार्गालगतचं सुमारे ६०० चौरस मीटरचं बंद ट्रान्सपोर्ट यार्ड गोदामासाठी घेतलं आहे. मधोमध १० किलोलीटरची जमिनीखालची डिझेलची टाकी आहे, तिच्यापासून आठ-दहा मीटरवर गाड्यांची सर्व्हिसिंगची पिट. टाकीशेजारी कॉलमसाठी खणलं तेव्हा वरचा सव्वा मीटर भराव स्वच्छ निघाला. त्याखाली माती करडी-काळी, डिझेलचा उग्र वास, आणि १.८ मीटरवर पाणी लागलं त्यावर तवंग. रंग बदललेली माती अंदाजे ४० घनमीटर भरेल. ठेकेदार म्हणतो, चुना मारू, जमेल तेवढी माती डेब्रिजमध्ये काढू, मुरूम भरून पीसीसी (साधं काँक्रीट) टाकू.

एप्रिलचा शेवटचा आठवडा चालू आहे. टाकी काढावी की वाळू भरून जागीच ठेवावी? माती यार्डातच साफ होईल की तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात पाठवावी लागेल? आणि साफ झाली असं कोणत्या आकड्याला मानायचं? पूर्वेकडे शेजारच्या इमारतीची भिंत खड्ड्यापासून फक्त २ मीटरवर आहे.

भूजल_आणि_भराव

आधी ठेकेदाराला थांबवा. चुन्याने डिझेल नाहीसं होत नाही. कळीच्या चुन्याने मातीचा सामू १२ च्या घरात जातो, डिझेल खाणारे जिवाणू मरतात आणि उष्णतेने वाफ वर येते. वास दोन दिवस कमी वाटतो, तेल तिथेच राहतं. मुरमाचा भराव तर याहून वाईट, कारण आजूबाजूच्या चिकणमातीपेक्षा तो कितीतरी पोकळ असतो. पावसात पाणी चढलं की भरलेला खड्डा विहिरीसारखा वागतो आणि चारी बाजूंचं तेल त्यात उतरतं. पीसीसीखाली गेलेलं तेल पुन्हा बाहेर काढणं फार महाग पडतं. डेब्रिजमध्ये तर ही माती अजिबात जाता कामा नये. तेल मिसळलेला अवशेष घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांखाली येतो.

तुमच्याकडे दोन वेगळी तेलं असण्याची दाट शक्यता आहे: टाकीजवळ डिझेल, सर्व्हिसिंग पिटजवळ जळकं इंजिन ऑइल. हे दोन ढीग एकत्र करू नका. डिझेल साधारण दहा ते अठ्ठावीस कार्बनच्या साखळ्यांचं असतं, जिवाणू ते खातात. जळक्या ऑइलच्या साखळ्या लांब, वर त्यात शिसं आणि जस्त. ते ढिगात महिनोन्‌महिने तसंच राहतं. एकत्र झाले तर सगळाच माल महागड्या वाटेने जाईल.

नमुने घेताना प्रयोगशाळेकडे ‘ऑइल अँड ग्रीस’ मागू नका. त्यात वनस्पती तेल, साबण, कुजलेला पालापाचोळासुद्धा मोजला जातो. एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन मागा, कार्बनच्या पट्ट्यांनुसार वेगळं करून, गॅस क्रोमॅटोग्राफवर आणि सिलिका जेल क्लीनअपसह (वनस्पतीजन्य तेलं आधी गाळून काढायची पायरी). सोबत बेंझीन, टोल्युइन, एथिलबेंझीन, झायलीन आणि पीएएच (अनेक वलयांची हायड्रोकार्बन). पिटजवळच्या नमुन्यांत धातूही. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी, आणि तिच्या मान्यतेच्या यादीत माती हे माध्यम आहे का, तेही पाहा. बऱ्याच जणींकडे फक्त पाण्याची मान्यता असते.

माती काचेच्या बाटलीत टेफ्लॉनच्या झाकणाखाली गच्च भरा, वर हवा राहू देऊ नका, आणि लगेच बर्फाच्या पेटीत ठेवा. प्लास्टिकची पिशवी चालत नाही. बेंझीनसाठी चार जागांची माती एकत्र कालवून एक नमुना करू नका, कालवतानाच ते उडून जातं.

जागेवर प्राथमिक तपासणीसाठी पीआयडी मीटर (हवेतली उडणारी रसायनं मोजणारं) भाड्याने मिळतं. झिपच्या पिशवीत अर्धी माती भरून दहा मिनिटं उन्हापासून दूर ठेवायची आणि वरची हवा मोजायची. मात्र डिझेल कमी उडतं, त्यामुळे आकडा लहान आला म्हणून माती स्वच्छ समजू नका. जोडीला काचेच्या बरणीत चमचाभर माती आणि पाणी घालून हलवा. तवंग आला तर ती माती दूषित.

टाकी_पाइप_फ्लँज

टाकी काढा. जागीच ठेवली तर तिच्याखालची माती कधी तपासता येणार नाही, आणि गळती बहुधा तिथेच किंवा सक्शन लाइनच्या जोडावर असते. वाळू भरण्याचा पर्याय टाकी इमारतीच्या पायाखाली अडकली असेल तेव्हाचा.

१० किलोलीटर डिझेलची साठवण पेसोच्या (केंद्राची पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संस्था) परवान्याखाली येते. परवाना आधीच्या मालकाच्या नावावर असेल, तर तो रद्द करून घेण्याची कागदपत्रं पेसोच्या बेलापूरच्या पश्चिम विभाग कार्यालयातून आत्ताच सुरू करा. टाकी हलवण्याआधीच त्यांना कळवायचं असतं.

क्रम असा. उरलेलं डिझेल आणि तळाचा गाळ एअर डायफ्रॅम पंपाने ड्रममध्ये काढा. पाइप टाकीच्या दिशेने रिकामे करून मग कापा. उलट केलंत तर पाइपमधलं तेल खड्ड्यात सांडेल. मग टाकीत फोडलेला ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घाला, हजार लीटरला साधारण १.८ किलो, म्हणजे तुम्हाला १८ किलो. इथे घात होतो तो मीटरमुळे. साधं एलईएल मीटर (हवेतली पेट घेणारी वाफ मोजणारं) ऑक्सिजनवर चालतं. ड्राय आइसने ऑक्सिजन हटला की ते शून्य दाखवतं आणि लोक टाकी वायुमुक्त समजून गॅस कटर लावतात. म्हणून ऑक्सिजन आणि एलईएल एकत्र वाचा, वरच्या, मधल्या आणि तळाच्या थरात. वाफ हवेपेक्षा जड असते, खरा आकडा तळाशी मिळतो. आत माणूस उतरवू नका. टाकी उचलून कोल्ड कटिंगनेच (ज्योत न वापरता कापून) उघडा.

तारखेचा हिशेबही ठेवा. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून. रिकामी टाकी पाण्याने भरलेल्या खड्ड्यात १० टन पाणी बाजूला सारते, तिचं वजन जेमतेम सव्वा-दीड टन. वरची माती काढलेली असताना पाऊस आला तर ती तरंगून वर येते आणि उरलेले पाइप उपटते. रिकामी केल्यावर आठवडाभरात उचला.

खड्ड्यातलं पाणी साध्या सबमर्सिबलने ओढू नका. त्याच्या पंख्याने तेल-पाणी घुसळून दुधासारखं होतं आणि मग वेगळं होत नाही. आधी तेल शोषणारे पांढरे पॉलिप्रॉपिलीन पॅड टाकून तवंग उचला, मग डायफ्रॅम पंपाने पाणी तेल-पाणी वेगळं करणाऱ्या तीन कप्प्यांच्या टाकीतून सावकाश न्या. गटारात थेट तर सोडूच नका. इथल्या पर्जन्यवाहिन्या मिठीला मिळतात. पर्यावरण नियमांतली सर्वसाधारण मर्यादा तेल-ग्रीससाठी नदीनाल्यात १० आणि सांडपाणी वाहिनीत २० मिलिग्रॅम प्रतिलीटर आहे. पाण्याची पातळी गरजेपेक्षा खाली ओढू नका, कारण तवंगही तिच्यासोबत खाली उतरून खालची चांगली माती माखतो.

ढीग_आणि_हवा

यार्डात जागा आहे, त्यामुळे टाकीकडची माती तिथेच बायोपाइलमध्ये (जिवाणूंकडून तेल जिरवायचा मातीचा ढीग) साफ करणं शक्य आहे. अट एकच, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला आधी लेखी कळवून संमती घ्या.

आकडे मांडू. ४० घनमीटर म्हणजे साधारण ७० टन, उकरल्यावर फुगून ५० घनमीटर. प्रयोगशाळेचा आकडा ८,००० मिलिग्रॅम प्रतिकिलो आला असं धरू. मग मातीत ५६० किलो डिझेल, त्यात कार्बन सुमारे ४७५ किलो. कार्बन, नत्र, स्फुरद १००:१०:१ धरलं तर नत्र ४७ किलो आणि स्फुरद पावणेपाच किलो लागेल. म्हणजे डीएपी २४ किलो आणि युरिया ९४ किलो. हे एकदम टाकलं तर मातीतल्या पाण्यात क्षार वाढून जिवाणू मंदावतात. चार हप्ते करा, दर तीन आठवड्यांनी २३-२४ किलो युरिया आणि ६ किलो डीएपी, आणि पुढचा हप्ता देण्याआधी मातीतला नत्र तपासा.

खाली १ मिलिमीटर एचडीपीई प्लास्टिकची शीट, त्यावर जिओटेक्स्टाइल कापड आणि १५ सेंटिमीटर वाळू, नाहीतर जेसीबीचा दात पहिल्याच दिवशी शीट फाडतो. कडेला बांध आणि एका कोपऱ्यात निचऱ्याचं चेंबर. ढिगाची उंची सव्वा ते दीड मीटर. आपली माती चिकट, म्हणून आकारमानाच्या दहाव्या हिश्शाइतकं भाताचं तूस मिसळा. ओलावा मुठीत दाबून पाहायचा: गोळा व्हावा, पाणी गळू नये. एक किलो डिझेल जिरायला साडेतीन किलो ऑक्सिजन लागतो, म्हणून आठवड्याला उलथापालथ, किंवा मधून छिद्रांचे ४ इंची पाइप घालून छोटा ब्लोअर. जूनपासून वर ताडपत्री हवीच. पाण्याने ढीग भिजला की हवा कोंडते, आंबूस वास येतो आणि काम थांबतं. आकडा पहिल्या दोन महिन्यांत भरभर उतरतो, मग रेंगाळतो. चार ते सहा महिने धरा. चांगली माती मिसळून आकडा खाली आणणं ही सफाई नव्हे.

हॉलंडच्या २०१३ च्या परिपत्रकातला खनिज तेलाचा हस्तक्षेप आकडा, म्हणजे ज्यापुढे माती गंभीर दूषित मानतात तो, ५,००० मिलिग्रॅम प्रतिकिलो आहे. सल्लागार बहुधा तोच धरतात.

भूजल_आणि_भराव

बाकी सगळं पटतं, पण तो ५,००० इथे जसाच्या तसा लावू नका. तो १० टक्के सेंद्रिय पदार्थ असलेल्या मातीसाठी आहे. सेंद्रिय प्रमाण कमी असेल तर आकडा त्याच प्रमाणात उतरतो, किमान २ टक्के धरून. मुंबईच्या मुरूम-भरावात सेंद्रिय पदार्थ बहुधा २ टक्क्यांच्या आतच असतो, म्हणजे खरा आकडा १,०००. बेंझीनचाही १.१ चा ०.२२ होतो. एवढ्या फरकाने ढीग महिनाभर जास्त चालेल, म्हणून लक्ष्याचा आकडा काम सुरू होण्याआधी मंडळाकडे लेखी ठरवून घ्या. सेंद्रिय कार्बनची चाचणी पहिल्याच नमुन्यात करा. दूषित जागांचे केंद्राचे नियम जुलै २०२५ पासून लागू आहेत आणि त्यांत खर्च दूषित करणाऱ्यावर येतो, त्यामुळे आधीच्या मालकाशी बोलण्यासाठीही हे अहवाल उपयोगी पडतील.

कुर्ला_पश्चिम

खूप आभार. शेजारच्या भिंतीकडची माती कशी काढायची? आणि खड्डा कधी भरायचा?

टाकी_पाइप_फ्लँज

शेजारच्या पायाच्या तळापासून ४५ अंशांच्या रेषेखाली आरसीसी सल्लागाराच्या आराखड्याशिवाय खणू नका. त्या बाजूची थोडी माती तशीच ठेवावी लागली तर तिचा नमुना आणि जागा नकाशावर नोंदवा, आणि तिथे छिद्रांचा पाइप उभा करून हवा खेळती ठेवा. रासायनिक ऑक्सिडंट त्या भिंतीजवळ वापरू नका, उष्णता आणि वायू कुठे जातील ते सांगता येत नाही.

खड्डा भरायचा तो प्रयोगशाळेचा कागद हातात आल्यावरच. प्रत्येक भिंतीवर दर सहा मीटरला एक आणि तळाला किमान दोन नमुने. पिटकडची माती तळोज्याच्या सामायिक सुविधेत जाईल. तिथे आधी नमुना देऊन स्वीकृती घ्यावी लागते, मग फॉर्म १० च्या मॅनिफेस्टवर (कचऱ्यासोबत जाणारा नोंदीचा कागद) अधिकृत वाहनाने पाठवायची. जळकं तेल भंगारवाल्याला देऊ नका, नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्या.

एक गोष्ट अजून कुणी लिहिली नाही: पाण्याची लाइन. डिझेल-पेट्रोलमधली बेंझीनसारखी द्रव्यं पॉलिथिलीन पाइपच्या भिंतीतून आणि साध्या रबरी गॅस्केटमधून आत झिरपतात. पुरवठा दिवसातून काही तासच असतो, बाकी वेळ लाइनमध्ये दाब नसतो. खड्ड्याच्या तीन मीटरच्या आतून जाणारी लाइन डीआय (डक्टाइल आयर्न) पाइपची आणि नायट्राइल रबराच्या गॅस्केटची करा. जमिनीखालची पाण्याची टाकी त्या बाजूला बांधायची असेल तर आताच जागा बदला, कारण डांबरी वॉटरप्रूफिंग डिझेलमध्ये विरघळतं.